घणवाल्याचं निशाण

कुमुदताईंच्या घरी मला खोली मिळाली ती माझ्या ळमुळे, किंवा खरं सांगायचं तर ळ नसल्यामुळे. दार अर्धंच उघडून त्यांनी विचारलं, "कुठल्या आपण?" मी घाईघाईत म्हटलं, "यवतमायच्या." त्यांनी चष्मा वर सरकवला. "यवतमाय. गावाची माय कळली, ळ कुठे सांडला?" हा विनोद आहे हे कळायला मला दोन दिवस लागले. तेव्हा मी फक्त बॅग उचलून परत फिरायला लागले होते, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "अहो, चाललात कुठे? ळ म्हणता येतो का?" मी म्हटलं, "येतो, घाईत राहून जातो." "मग या घरात घाई करायची नाही. चपला बाहेर काढा आणि खोली बघून घ्या."

पर्वतीच्या पायथ्याशी पूरग्रस्त वसाहतीत त्यांचं ते घर होतं. खाली दोन खोल्या आणि वर नंतर चढवलेली एक, ती माझी. पत्त्यात 'पूरग्रस्त' हा शब्द मी शेकडो वेळा लिहिला असेल, पण तो मला दुसऱ्या कुठल्याही कॉलनीच्या नावासारखाच वाटायचा. कुमुदताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांचे फोन जोडून दिले होते, त्यामुळे त्यांचा आवाज सत्तरीतही धुतल्यासारखा स्वच्छ होता. लग्न केलं नव्हतं. कोणी कारण विचारलं तर म्हणायच्या, "लाइन बिझी होती." सकाळी त्यांचा रेडिओ, कुकरच्या तीन शिट्ट्या आणि भाजीवाल्याशी चाललेला संवाद, एवढ्या आवाजांवर माझा दिवस सुरू व्हायचा. शनिवारी आम्ही दोघी मंडईत जायचो. तिथे त्या वांगं हातात घेऊन विक्रेत्याला विचारायच्या, "हे विकायला ठेवलंय की आठवण म्हणून?" आणि तो हसत हसत आतलं चांगलं वांगं काढून द्यायचा.

जेवणावरून मात्र आमची रोज लढाई. त्यांच्या आमटीत गुळाचा खडा, माझ्या रश्श्यात तिखटाची मूठ. आईने बसने पाठवलेले सांडगे पहिल्यांदा तळले तेव्हा त्यांनी एक तोंडात टाकला, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "शुभांगी, तुमच्याकडे पाहुण्यांनी परत येऊ नये अशी काही पद्धत आहे का?" दुसऱ्या दिवशी डबा निम्मा रिकामा होता. मी विचारलं तर म्हणाल्या, "मुंग्या." त्या दिवसापासून त्या मला 'तू' म्हणायला लागल्या. नाव मात्र कधी लहान केलं नाही. शुभा, शुभू असलं त्यांना चालत नसे. नावं कापायची नसतात, म्हणायच्या.

मी खराडीच्या एका कंपनीत लागले होते. तिथे मोबाइलवर आणि टॅबलेटवर खेळायचे गेम तयार होत. माझं काम लिहिण्याचं. आमचा गेम होता 'नऊवेस', म्हणजे नऊ वेशींचं एक काल्पनिक शहर. तिथे एक जुलमी राजा, त्याने नदीवर धरण बांधून शहराचं पाणी अडवलेलं, आणि खेळणाऱ्याने त्या शहरातला एक साधा रहिवासी होऊन राहायचं. बाजारातले लोक, पहारेकरी, गवळणी जी वाक्यं बोलतात ती माझी. मी सहा महिन्यांच्या उमेदवारीवर होते, आणि मीटिंगमध्ये तोंड उघडलं की कुणी ना कुणी हसून "परत एकदा बोल ना, किती गोड वाटतं" म्हणायचं. त्यात वाईट हेतू नव्हता. पण दर वेळी गोड वाटणं हेही दमवणारं असतं, हे मला आता या वयात शांतपणे लिहिता येतं. तेव्हा नुसता राग यायचा.

त्या रागातून घणवाला आला. गेममध्ये बंड करणारा कुणीतरी हवा होता. मी एक लोहार लिहिला, खांद्यावर घण घेतलेला, आणि त्याला माझी बोली दिली. "तुमचं पाणी त्यानं अडवलं, आन् तुम्ही त्याच्याच विहिरीवर रांगा लावून राहिले? उठा बाप्पा!" हे वाक्य मी मीटिंगमध्ये वाचलं आणि पहिल्यांदाच कुणी हसलं नाही. आमचा प्रमुख समीर खुर्चीतून उठून उभा राहिला. "हाच," तो म्हणाला. "क्रांतीला चेहरा लागतो. मिळाला." मग घणवाला वाढत गेला. त्याने राजाच्या कोतवालांना मारलं, त्याच्यासोबत न येणाऱ्यांची दुकानं जाळली. "जो आपल्यासंगं नाही, थो राजाचा," हे त्याचं वाक्य ऑफिसातले लोक चहाच्या रांगेतही म्हणायला लागले. शेवटी तो एका पहाटे धरण फोडतो, पाणी राजवाड्यात घुसतं, राजा बुडतो आणि शहर मोकळं होतं. त्यानंतर खेळणाऱ्याने नऊही वेशींवर घणाचं निशाण लावायचं आणि गेम संपला. ऑफिसच्या भिंतीवर त्याचं पुरुषभर उंच चित्र लागलं, खाली माझं वाक्य, माझ्या बोलीत. मी त्याचा फोटो काढून घरी पाठवला. बाबांनी तो गावातल्या अर्ध्या लोकांना दाखवला.

गेम बाजारात येण्याआधी घरच्या माणसांकडून खेळवून घ्या, असं समीरने सगळ्यांना सांगितलं. माझं पुण्यातलं घरचं माणूस म्हणजे कुमुदताई. मी टॅबलेट त्यांच्या हातात दिला आणि पहिले चार दिवस आम्ही नुसत्या हसलो. त्यांना लढायचं नव्हतंच. त्या थेट बाजारात गेल्या आणि तिथल्या प्रत्येकाशी बोलत सुटल्या. "या गवळणीला तीनच वाक्यं दिलीस? दूध विकणाऱ्या बाईला तीन वाक्यांत भागतं का?" पहारेकऱ्याने अडवलं तर त्या टॅबलेटलाच सांगायच्या, "अहो, पलीकडे काम आहे, बाजूला व्हा." नदीकाठच्या गल्लीत एक कुंभारीण होती, पाणी आणायला मडकं देणारी. तिच्याकडे त्या रोज जायच्या, गरज नसताना मडकी घ्यायच्या. घणवाल्याचं भाषण मात्र त्यांनी भाजी निवडणं थांबवून ऐकलं. "छान बोलतो," म्हणाल्या. मी खूश. मग म्हणाल्या, "इतकं छान बोलणाऱ्या माणसाच्या मी जरा लांबूनच जाते."

रविवारी सकाळी त्या धरणापर्यंत पोहोचल्या. मी पोहे करत होते. बाहेरच्या खोलीतून पाण्याचा आवाज आला, विजयाचे ढोल वाजले, आणि मी चमचा हातात घेऊनच बाहेर आले, त्यांचा चेहरा बघायला. त्या राजवाड्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी आपला रहिवासी वळवून नदीकाठच्या गल्लीकडे नेला होता. तिथे चित्रकारांनी सपाट निळं पाणी भरलं होतं, त्यावर दोन पाट्या आणि एक टोपली तरंगत होती. त्या काठाकाठाने पुढे गेल्या, मागे आल्या.

"शुभांगी, माझी कुंभारीण दिसत नाही."

"ती काढली," मी म्हटलं. "तिथे पाणी येतं ना, म्हणून त्या गल्लीतली सगळी माणसं काढून टाकली."

"काढून टाकली म्हणजे काय? मेली म्हण की."

त्यांनी टॅबलेट उलटा करून मांडीवर ठेवला. गॅसवर पोहे लागल्याचा वास आला, तशी मी आत पळाले. बशा घेऊन परत आले तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग ज्या आवाजात त्या भाजीवाल्याशी बोलायच्या, त्याच आवाजात सांगायला लागल्या.

"मी सात-आठ वर्षांची असेन. आम्ही नारायण पेठेत राहायचो, नदीच्या बाजूला. सकाळची शाळा नव्हती त्या दिवशी. पानशेत फुटलं, मग खडकवासलाही गेलं. आम्हाला काही माहीत नाही. आई भाजी चिरत होती. एक माणूस सायकलवरून गल्लीत आला, ओरडत. 'पाणी येतंय, पळा, वर पळा.' लोक म्हणाले, वेडा आहे. तो थांबला नाही, प्रत्येक दारावर हात मारत पुढे गेला. आईने विळी तशीच सोडली आणि आम्हाला ओढत निघाली. शेजारी एक सुतारमामा होते. ते अर्ध्यातून पटाशा आणायला परत गेले." त्यांनी एक घास खाल्ला. "पोहे लागलेत."

"सुतारमामा?"

"नाही आले. आमचं घरही नाही राहिलं. हे घर त्यानंतर मिळालं. पत्ता लिहितेस ना रोज." मग म्हणाल्या, "पण शुभांगी, आमचं धरण फुटलं होतं. तुझ्या माणसाने फोडलंय. आणि तुम्ही ढोल वाजवता."

आता इतक्या वर्षांनी मला स्वतःचीच गंमत वाटते की त्या क्षणी मला त्यांचं दुःख दिसण्याआधी माझ्या घणवाल्याचा अपमान दिसला. मी चिडले. चांगली तणतणले. म्हटलं, "तुम्हाला काय! तुमची भाषा पुस्तकात, बातम्यांत, सगळीकडे. माझ्यासारखं बोलणारा एकच माणूस त्या भिंतीवर लागलाय, आणि त्यालाच तुम्ही खुनी ठरवता."

"खुनी मी म्हटलंच नाही. बाई कुठे गेली एवढंच विचारलं." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "ती कुंभारीण त्याच्याच वस्तीतली ना? लोहार आणि कुंभार शेजारी शेजारी. मग ती माझ्यासारखी का बोलते?"

हे मात्र लागलं. खरंच, कुंभारणीची वाक्यं मी पहिल्या आठवड्यात, भीतभीत, अगदी स्वच्छ पुस्तकी मराठीत लिहिली होती आणि नंतर तिच्याकडे वळूनही पाहिलं नव्हतं. माझी बोली मी सगळीच्या सगळी त्याला देऊन टाकली होती. जे त्याच्यामुळे बुडाले ते त्याच्याच गल्लीतले, पण त्यांच्या तोंडी मी ती येऊ दिली नव्हती. दिवसभर मी वरच्या खोलीत बसून राहिले. संध्याकाळी खाली आले, तर कुमुदताईंनी ताट वाढलं. आमटीत गूळ नव्हता. त्यांच्या दृष्टीने ती माफीच होती, फक्त कोणी कोणाची मागायची ते ठरलं नव्हतं.

सोमवारी मी समीरला सांगितलं की शेवट बदलायला हवा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "राजा रोज तहानेने माणसं मारतोय, ती कोणाला दिसत नाहीत. त्या माणसाने एकदा धरण फोडलं, तर तो वाईट? आणि हे सगळं खोट्या शहरात. पोस्टर लागलंय, लोकांना तो आवडलाय. शुभांगी, तुझ्या उमेदवारीचा महिना राहिलाय, जरा डोकं शांत ठेव." धमकी नव्हती ती, काळजीच होती, पण नोकरी गेली तर यवतमाळची बस. मी घरी येऊन हे सांगितलं तर कुमुदताई म्हणाल्या, "त्या मुलाला मी भेटू शकते का? खेळणारी म्हणून. तक्रार खेळणाऱ्यानेच करायची असते."

ऑफिसात गुरुवारी बाहेरचे लोक खेळायला येत. कुमुदताई इस्त्रीची नारायणपेठी साडी नेसून, स्वारगेटला बस बदलून माझ्याबरोबर खराडीला आल्या. काचेच्या इमारतीकडे मान वर करून बघत म्हणाल्या, "एवढ्या काचा रोज पुसतं कोण?" समीर पुढे येऊन नमस्कार करत म्हणाला, "या आजी."

"आजी कोणाची? कुमुदताई म्हणा."

आम्ही तिघं चहा घेऊन त्या पोस्टरखालीच बसलो. त्यांनी सरळ विषय काढला. "माझी कुंभारीण मला परत हवी आहे."

समीर हसला, मग हसू आवरलं. "कुमुदताई, तो गल्लीत सगळ्यांना सांगत बसला असता तर राजाला कळलं असतं. धरण फुटलंच नसतं. मग?"

"मग दुसरं काही करावं लागलं असतं. अवघड झालं असतं. किंवा त्याने तरीही फोडलं असतं. ते मला सांगता येत नाही, मी काही क्रांती केलेली नाही, मी फोन जोडले." त्यांनी कप खाली ठेवला. "त्याला मोठा करायचा तर करा. लोक करतातच. रागावलेल्या लोकांना असा माणूस लागतो, मला कळतं ते. पण तिला त्याने मारलं एकदा. तुम्ही पुसून टाकलंत, ते दुसऱ्यांदा. तिला पुसल्याशिवाय त्याचं निशाण लागत नसेल, तर निशाणातच काहीतरी कमी आहे."

समीरने वर पोस्टरकडे बघितलं. मी मनात बसचं वेळापत्रक आठवत होते. मग तो म्हणाला, "शेवट बदलणार नाही. निशाणही राहील. पण निशाण लावायला लोक वेशींवर जातात. नववी वेस नदीवर आहे. तिथे एक माणूस उभं करता येईल. एकच. वाक्यं फार नकोत." आणि माझ्याकडे वळून, "लिहिशील?"

मी तिथेच, चहाचे डाग पडलेल्या कागदावर लिहिलं. कुंभारीण वाचलेली होती. निशाण घेऊन येणाऱ्याला ती अडवत नव्हती, शिव्या देत नव्हती. फक्त घणवाल्याशी बोलावं तसं निशाणाशी बोलत होती. "घणवाल्या, राजा बुडाला, बरं झालं. पण तू माह्या डोयासमोरून वर गेला होता. एक हाक काहून नाही मारली?"

आवाज कोणाचा, हा प्रश्न आला तेव्हा समीरनेच कुमुदताईंकडे बोट दाखवलं. पुढच्या आठवड्यात रेकॉर्डिंगच्या छोट्या खोलीत त्या कानाला हेडफोन लावून बसल्या, अगदी जुन्या खुर्चीत परत बसल्यासारख्या ताठ. आणि तिथे आमची खरी फजिती झाली. त्या प्रत्येक वेळी म्हणायच्या, "माझ्या डोळ्यांसमोरून." मी काचेपलीकडून ओरडायचे, "डोयासमोरून!" त्या, "डोळ..., अगं, हा ळ सत्तर वर्षं सांभाळलाय, तो एका सकाळी कसा सोडू?" अकरा वेळा चुकलं. 'काहून' त्यांना इतकं आवडलं की नको तिथेही यायला लागलं. रेकॉर्डिंग करणारा मुलगा हसून हसून टेबलावर डोकं टेकून बसला. बाराव्या वेळी मी आत जाऊन त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "कुंभारीण विसरा. सुतारमामांच्या घरचं कोणी असतं, तर ते काय म्हणालं असतं?" त्यांनी हेडफोन नीट केला. त्या वेळी ळ आपोआप गेला. खोलीत कोणी हसलं नाही, आणि समीर बाहेरून अंगठा दाखवायचंच विसरला.

गेम आला, चालला, माझी उमेदवारी संपून नोकरी पक्की झाली. बाबांनी गावात पेढे वाटले. खेळणाऱ्यांची पत्रं यायची ती बहुतेक भांडणाचीच. कोणी लिहायचं, त्या बाईने आमच्या विजयाची मजा घालवली. कोणी लिहायचं, मी आठ वेशींवर लावलं, नववीवरून परत आलो. एका कॉलेजातल्या मुलीने लिहिलं होतं की तिने आणि तिच्या भावाने तीन दिवस एकमेकांशी अबोला धरला होता, त्याने लावलं आणि तिने नाही म्हणून. समीर ही पत्रं छापून त्या पोस्टरशेजारी चिकटवायचा. घणवाला तिथेच होता, पण त्याच्या आजूबाजूला आता बोलणं भरपूर झालं होतं.

मी स्वतः नववी वेस कधी पार केली नाही. दर वेळी कुंभारीण बोलायची आणि माझा हात थांबायचा. मला वाटायचं, कुमुदताईंचंही तसंच असणार. एका रविवारी दुपारी त्या पलंगावर टॅबलेट घेऊन बसल्या होत्या, मी खाली शेंगा सोलत होते. त्यांचाच आवाज आला, डोयासमोरून, काहून. मग ढोल वाजले. मी दचकून वर बघितलं.

"लावलंत?"

"लावलं. नऊच्या नऊ."

"तुम्ही? सगळं ऐकूनसुद्धा?"

"राजा त्याच्यामुळेच गेला ना. नाही कसं म्हणू?" त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "पण आता मला कोणी विचारलं, हे कोणाच्या जिवावर लागलंय, तर मला सांगता येईल. आधी आलं नसतं."

मी शेंगांकडे बघत म्हटलं, "मग मला का लावता येत नाही?"

"कारण तू त्याच्या प्रेमात आहेस," कुमुदताई म्हणाल्या. "तुला तो डाग नसलेलाच हवा. मी नाही त्याच्या प्रेमात."